गेटपाशी दोन सोनेरी मोरपंखी. एक झळाळतेय, दुसरी करपून राहिली. काय चुकतंय?

पूर्णाकाठ | १९ मे, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. सांभाळून घ्या.

गाव दर्यापूर तालुक्यात, म्हणजे थेट खारपाणपट्ट्यात. दोन वर्षांपूर्वी जुनं कवेलूचं घर पाडून स्लॅबचं बांधलं. वास्तुशांतीच्या आधी गेटच्या दोन्ही अंगांना सोनेरी मोरपंखीची दोन रोपं लावली. गोल, अंड्याच्या आकाराची, जातीचं नाव विचारलं तर नर्सरीवाल्याने 'ऑरिया नाना' सांगितलं. दोन्ही एकाच गाडीतून आलेली, एकाच दिवशी लावलेली, उंचीही सारखीच, गुडघ्याच्या थोडी खाली.

आज उजवीकडची सकाळच्या उन्हात अशी दिसते की येणारा-जाणारा हात लावून पाहतो. डावीकडची मात्र मार्चपासून शेंड्यांकडून तपकिरी होत चालली. आधी टोकं, मग अर्धी पानं. खालचा भाग अजून हिरवट-पिवळा आहे.

पाणी दोघींना सारखंच: आठवड्यातून दोनदा, नळयोजनेचं गोडं पाणी, एकेक बादली, मी स्वतः टाकतो. खत वर्षातून एकदा शेणखत. डावीकडच्या बुडाशी माती जरा पांढुरकी दिसते, पण घराला रंग देताना चुना सांडला होता, तो असावा.

दुसरा प्रश्न. दोन वर्षांत जेमतेम वीतभर वाढली. हे नॉर्मल आहे का? शेजारच्याचा अशोक याच काळात छपराला लागला.

---

रोपमळा | १९ मे, रात्री १०.३२

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते सोपं आहे. हो, नॉर्मल आहे. ऑरिया नाना ही बुटकी जात आहे, चांगल्या जमिनीतही वर्षाला काही बोटंच वाढते. दहा वर्षांत कमरेएवढी झाली तरी छान झाली म्हणायचं. तिची आणि अशोकाची बरोबरी लावू नका. घाई असेल तर ते झाडच चुकलं.

मोरपंखी म्हणजे थुजा असं आपण म्हणतो. जुनं नाव थुजा ओरिएन्टॅलिस, लिनियसने १७५३ मध्ये दिलेलं. आता वनस्पतिशास्त्रात प्लॅटिक्लेडस ओरिएन्टॅलिस म्हणतात, पण नर्सरीत थुजाच चालतं. मूळ चीन-कोरियाकडची. बीजिंगचं ते शहरवृक्ष आहे आणि तिथल्या देवळांच्या आवारात शेकडो वर्षांची झाडं उभी आहेत. म्हणजे उन्हाला, थंडीला, चुनखडीच्या जमिनीला तशी ती सोशीक आहे. आपल्याकडे ती मरते ती बहुतेक वेळा पाण्याने. जास्त पाण्याने किंवा वाईट पाण्याने.

डावीकडचीचा फोटो टाका. एक शेंडा अगदी जवळून, एक पूर्ण झाडाचा, एक बुडाचा.

---

पूर्णाकाठ | १९ मे, रात्री १०.५५

फोटो चढत नाहीयेत, गावात नेटची रड आहे. उद्या तालुक्याला गेलो की टाकतो. तोवर विचारा, बघून सांगतो.

---

पांदणवाला | २० मे, सकाळी ६.१०

भाऊ, तुमच्याकडं फवाऱ्याचा पंप एकच हाय का? तणनाशक मारलेला पंप न धुता त्यातनंच झाडाले काही मारलं असन तं शेंडे असेच जयते. माह्या आंगनातल्या गुलाबाचं असंच वाटोयं झालं. पंप इसरला धुवाले, अन् वरून म्या त्यात निंबोयी अर्क टाकून मारला. आठ दिसात गुलाब वाकडातिकडा, पानं बारीक.

---

पूर्णाकाठ | २० मे, सकाळी ८.०५

पंप वावरातल्या कोठ्यात असतो भाऊ, घरी आणतच नाही. मोरपंखीवर आजवर काहीच फवारलं नाही.

---

लिंबोणी | २० मे, सकाळी ९.२०

मी मूळची वर्ध्याची, आता पुण्यात. माझा अंदाज कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी ती बारीक कीड. पांढरा कागद घ्या, करपलेल्या फांदीखाली धरा आणि फांदी दोन-तीनदा टिचकीने हलवा. कागदावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके पडतील. ते चालायला लागले तर कोळी. बोटाने पुसल्यावर तांबूस रेघ उमटली तर खात्रीच. मेच्या कोरड्या झळांत लाल कोळी मोरपंखीवर बसतोच, तुमच्या कपाशीवर बसतो तसाच.

आणि कृपा करून लगेच औषधाची बाटली उघडू नका. आधी सकाळी पाण्याच्या जोरदार धारेने आतून धुवा. कोळ्यांना धुतलेलं आवडत नाही.

---

खडूस_म्हातारा | २० मे, सकाळी १०.४४

खारपाणपट्ट्यात, पंचेचाळीस डिग्रीत, चीनचं झाड. मग विचारायचं काय चुकतंय. कडुलिंब लावा, बोर लावा, पिंपळ लावा, निदान सावली तरी मिळेल. शोभेच्या झाडांचा हा शहरी सोस खेड्यात कधी शिरला कळलंच नाही.

---

पूर्णाकाठ | २० मे, दुपारी १.१५

@लिंबोणी ताई, कागद धरला. धूळ पडली, एक मुंगी पडली, चालणारे ठिपके नाहीत. मोबाईलचा टॉर्च लावूनही पाहिलं.

@खडूस_म्हातारा काका, लिंब मागच्या अंगाला आहे, आजोबांच्या वेळचा, त्याच्या सावलीतच म्हशी बांधतो. पण गेटपाशी काहीतरी आपलं हौसेचं असावं असं वाटलं, एवढंच. शाळेत असताना या झाडाचं पान वहीत ठेवायचो, विद्या येते म्हणून. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेपुढे एक साधी हिरवी मोरपंखी होती, पोरं परीक्षेच्या आधी तिला अगदी लुटायची. तिच्या आठवणीने लावली म्हणा. विद्या किती आली ते या धाग्यावरून कळतंच आहे.

---

लिंबोणी | २० मे, दुपारी १.४०

वहीतलं पान! आम्ही त्याला पेन्सिलीचं टरफल खाऊ घालायचो, पान वाढतं म्हणून. वर्षभर रोज उघडून बघायचो.

---

खडूस_म्हातारा | २० मे, दुपारी २.०२

पेन्सिलीचं टरफल मीही घातलं आहे. बरं, चालू द्या.

---

रोपमळा | २० मे, रात्री ८.१८

कोळी नाहीत हे बरं झालं. आता नीट बघून मला हे सांगा.

करपणं झाडाच्या आतून बाहेर येतंय की टोकाकडून आत? आतली, खोडाजवळची जुनी पानं तपकिरी होऊन झडणं हा मोरपंखीचा स्वभाव आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हात घालून ती झटकून टाकायची म्हणजे हवा खेळते. पण टोकं आधी जळत असतील तर कारण मुळांपाशी शोधायचं.

सगळ्या बाजूंनी सारखं जळलंय की एकाच बाजूने? खालच्या बाजूला, कुत्र्याच्या उंचीवर, एकाच जागी जळलं असेल तर कुत्र्याची लघवी. हसू नका, गेटपाशीच्या झाडांना हा रोग फार.

डावीकडे भिंत किंवा टिनाचं शेड आहे का, ज्याची उलटी झळ लागते?

पावसाळ्यात तिच्या बुडाशी पाणी साचलं होतं का? काळ्या मातीत खड्डा करून झाड लावलं की तो खड्डा पावसाळ्यात डबकं होतो. मुळं तेव्हा कुजतात आणि झाड मेमध्ये वाळतं. माणसाला वाटतं ऊन लागलं.

---

पूर्णाकाठ | २१ मे, सकाळी ७.३०

उत्तरं देतो.

टोकाकडून आत. हे नक्की.

चारी बाजूंनी आहे, पण घराकडच्या बाजूला जास्त. गेटकडची बाजू त्या मानाने बरी.

कुत्रा आहे, पण तो उजवीकडच्या झाडावर प्रेम करतो. ती तर फुलून आली आहे.

डावीकडे आमच्या बैठकीची भिंत आहे, झाडापासून साधारण चार हातांवर. तिला खिडकी, खिडकीत कूलर. भिंत पूर्वेकडची आहे, दुपारनंतर तिथं सावलीच असते. म्हणजे झळ उजवीकडचीला जास्त लागायला हवी.

पाणी साचलं नव्हतं. आमचं अंगण मुरूम टाकून उंच केलंय, पाणी रस्त्याकडे जातं.

---

जुनाट_सायकल | २१ मे, सकाळी ९.००

युरिया टाकला का कुणी? आमच्या भावाने 'वाढत नाही, वाढत नाही' करून मूठभर युरिया टाकला होता. झाड वाढलं, हो. ढिलं, लांबट, हिरवंगार. सोनेरी रंग गेला. पुढच्या पावसाच्या वजनाने मधोमध फाकलं, पुस्तक उघडावं तसं. शेवटी आईच्या जुन्या पातळाच्या चिंध्यांनी बांधून ठेवलं, अजून बांधलेलंच आहे.

---

रोपमळा | २१ मे, सकाळी ९.२५

@जुनाट_सायकल अगदी. सोनेरी जातीत नव्या फुटीच्या पानांत हरितद्रव्य कमी असतं, म्हणून तर तो पिवळा रंग. नत्राचा मारा केला की हिरवं होणारच. सावलीत ठेवलं तरी तेच. उलट थंडीत टोकांना तांबूस झाक येते, तेव्हाही लोक झाड वाळलं म्हणून फोन करतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये परत सोनं चढतं.

@पूर्णाकाठ, मला तुमचा तो पांढरा थर छळतोय. चुना सांडला दोन वर्षांपूर्वी. मधे दोन पावसाळे गेले. तो अजून दिसतो? बोटाने उचलून जिभेला लावून पाहा.

---

पूर्णाकाठ | २१ मे, सकाळी ९.५८

जिभेला??

---

पांदणवाला | २१ मे, सकाळी १०.०५

लावा भाऊ, काई होत नाई. आमच्या बापानं वावराची माती चाखूनच घेतली होती.

---

पूर्णाकाठ | २१ मे, सकाळी १०.२०

खारट. चांगलीच खारट, शेवटी जरा कडवट. उजवीकडची माती चाखली तर मातीसारखीच लागली. बायको दारातून बघत होती, आता घरात चर्चा सुरू आहे.

पण हे मीठ आलं कुठून? मी तर गोडं पाणी टाकतो. बोअरचं खारं पाणी आम्ही फक्त धुण्याला, म्हशींना धुवायला आणि कूलरला…

थांबा.

---

लिंबोणी | २१ मे, सकाळी १०.२४

कूलर!!!

---

रोपमळा | २१ मे, सकाळी १०.३१

कूलर रिकामा कोण करतं आणि ते पाणी कुठं जातं, एवढं विचारून या.

---

पूर्णाकाठ | २१ मे, सकाळी ११.४०

विचारून आलो. आमच्या आईशी झालेला संवाद जसाच्या तसा देतो.

"आई, कूलरचं जुनं पाणी कुठं टाकतेस?"
"त्या पिवळ्या झाडाले टाकतो ना. पानी फेकाले जीव होत नाही बाप्पा."
"रोज?"
"रोज नाही. वास याले लागला की. दोन-तीन दिवसाले एखाद्या वेळी, बालटी-दीड बालटी. तू तं आठोड्यातून दोनदाच देते, तहान लागत नशीन का त्याले? बारकं हाय तं काय झालं."

उजवीकडे का नाही टाकलं, तर "तिकडं नेता नेता कंबर दुखते."

मागच्या वर्षी मेमध्येही असंच चाललं होतं म्हणे. मी दिवसभर वावरात, मला पत्ताच नाही. कूलरच्या गवताच्या जाळ्यांवर पांढरा थर दर उन्हाळ्यात जमतो, तो मीच ब्रशने खरवडतो आणि तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

---

रोपमळा | २१ मे, दुपारी १२.१५

सापडलं. आता हिशेब समजून घ्या, कारण विदर्भात घरोघरी कूलर आणि घरोघरी आई आहेत.

कूलरमधून उडून जातं ते निव्वळ पाणी. क्षार उडत नाहीत, टाकीतच राहतात. समजा ६० लिटरची टाकी, आणि आपल्या कोरड्या हवेत दिवसाला तेवढंच पाणी उडतं. तुम्ही रोज वरून भरता. चार दिवस टाकी न उपसता भरत राहिलात तर एका टाकीत पाच टाक्यांचं मीठ गोळा होतं. थोडं जाळ्यांवर चिकटतं, तो तुमचा पांढरा थर. बाकीचं पाण्यात. बोअर आधीच खारं, त्यात पाचपट. ते एका लहानशा झाडाच्या बुडाशी. वरून पाऊस नाही, ऊन आहे, म्हणजे जमिनीतलं पाणीही उडून मीठ वर येतं.

मीठ मुळांतून पानात चढतं आणि टोकाशी साठतं, म्हणून टोकं आधी जळतात. घराकडची बाजू जास्त जळली कारण आईंनी खिडकीकडून पाणी ओतलं. सगळं जुळतं.

मोरपंखी थोडा खारटपणा सोसते. म्हणूनच दोन उन्हाळे टिकली. दुसरं नाजूक झाड असतं तर पहिल्याच मेमध्ये राम म्हटला असता.

---

खडूस_म्हातारा | २१ मे, दुपारी १२.५०

मान गये. चीनचं झाड निर्दोष सुटलं.

---

मातीमोल | २१ मे, संध्याकाळी ६.३५

उशिरा आलो. माती-पाणी तपासणीच्या कामात बरीच वर्षं होतो, म्हणून दोन गोष्टींची भर.

एक. पाणी नुसतं चाखून ठरवू नका. बोअरचं पाणी एकदा तपासून घ्या, क्षारता किती ते बघा. ईसी (क्षारता मोजायचं माप, डेसीसायमन प्रति मीटरमध्ये) ०.७५ पर्यंत असेल तर बहुतेक झाडांना चालतं. ०.७५ ते २.२५ मध्ये निचरा चांगला हवा आणि झाड सोशीक हवं. २.२५ च्या वर गेलं की बागेला देण्यासारखं नाही. पूर्णेच्या खोऱ्यातली कित्येक बोअरं या वरच्या गटात बसतात.

दोन. आमच्याकडच्या काळ्या मातीत मिठापेक्षा सोडियम जास्त त्रास देतो. तो चिकणमातीचे कण सुटे करतो, माती चिखलासारखी बसते, वाळली की दगड. पाणी खाली जातच नाही. त्यावर जिप्सम टाकतात, त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं. पण हुसकावलेला सोडियम धुऊन खाली जायला वाट पाहिजे. वाट नसेल तर जिप्समची गोणी नुसतीच रिकामी होते. एका झाडापुरतं म्हणाल तर जिप्समच्या नादी न लागता जागा बदला.

---

पूर्णाकाठ | २१ मे, रात्री ९.१०

टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार पीपीएममध्ये दाखवणारं) गावात एका आरओवाल्याकडे आहे, आणलं. नळ ३१०. बोअर १,८९०. कूलरच्या तळाचं पाणी, चार दिवसांचं: ६,४००. मीटर बिघडलं की काय म्हणून तीनदा बुडवलं.

आईला आकडे दाखवले. ती म्हणाली, "मंग आधी सांगाचं ना." बरोबरच आहे.

आता काय करू? लगेच काढून दुसरीकडे लावू?

---

रोपमळा | २१ मे, रात्री ९.४४

अजिबात नाही. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते तापते नऊ दिवस, तोंडावर आहे, आत्ता मुळाला हात लावलात तर दोन दिवसांत सरपण. आत्ता एवढंच करा.

वरची दोन बोटं पांढरी माती खरवडून अंगणाबाहेर टाका. गोडं पाणी हळूहळू, भरपूर, एकदा. मुरमावर अंगण आहे तर थोडं मीठ खाली जाईल. चार दिवसांनी परत. त्यानंतर नेहमीसारखं आठवड्यातून दोनदा, बोट खुपसून माती ओली लागली तर तेही नको.

बुडाशी सोयाबीनचं कुटार पसरा, दोन-तीन बोटं जाड, पण खोडाला टेकवू नका. उधई चढेल. खोडाभोवती वीतभर जागा उघडी ठेवा.

करपलेली टोकं कापू नका अजून. ही झाडं जुन्या, उघड्या लाकडातून सहसा परत फुटत नाहीत. कात्री हिरव्याच्या हद्दीतच चालवायची, तीही फेब्रुवारीत. कुठून फूट येते ते आधी दिसू द्या.

खत नाही. टॉनिक नाही. एप्सम सॉल्ट सुचवणारा कुणी येईल, त्यालाही नाही. मिठाने पोळलेल्या झाडाला आणखी मीठ कशाला?

---

जुनाट_सायकल | २१ मे, रात्री १०.०२

मी एप्सम सॉल्टच लिहायला आलो होतो. परत जातो.

---

हौशी_माळीण | २४ मे, दुपारी ३.३०

धागा हायजॅक करत नाही, पण एक विचारते. माझ्याकडेही सोनेरी कोनिफर (सूचिपर्णी झाड) आहे, यवतमाळला. डिसेंबरात कुंडीत घेतलं, उंच सुळक्यासारखं, चुरगाळलं की लिंबाचा वास येतो. एप्रिलपासून आतून भुरभुरत वाळतंय. आम्ही आरओचं पाणी देतो, म्हणजे मिठाचा प्रश्न नाही.

---

रोपमळा | २४ मे, संध्याकाळी ५.१२

ताई, लिंबाचा वास म्हणजे ती मोरपंखी नाही. ती गोल्डक्रेस्ट, कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरीच्या किनाऱ्यावरच्या सायप्रसची सोनेरी जात. त्या झाडाचं माहेर समुद्रकाठचं, गारव्याचं, धुक्याचं. नाताळच्या सुमारास सगळीकडे विकायला येतं आणि फार सुंदर दिसतं. विदर्भात त्याला पाहुणा समजा. मे सोसणार नाही. तुमचं काही चुकलं नाही.

ओळखायची खूण सांगतो. मोरपंखीची पालवी चपटी असते आणि उभ्या पात्यांसारखी, हात जोडल्यासारखी उभी राहते. पातं उलटून पाहा, दोन्ही बाजू सारख्याच. आणि फळं आली तर लहान, निळसर, टोकाला आकड्यांसारखी शिंगं. गोल्डक्रेस्ट पिसासारखं, टोचरं.

---

हौशी_माळीण | २४ मे, संध्याकाळी ५.४०

साडेतीनशेचा पाहुणा. असो. धन्यवाद.

---

पूर्णाकाठ | १४ जुलै, रात्री ८.२०

अपडेट द्यायचं राहून जात होतं, पेरणीची धांदल होती.

नवतपा झेलला. नवीन काही जळलं नाही. मृगात पहिल्या दोन चांगल्या पावसांनी बुडाची माती धुतली, पांढरेपणा गेला. काल उघडीप होती म्हणून डावीकडचं झाड काढलं. गेटपासून दोन हात सरकवून वरंबा केला: मुरूम, थोडी काळी माती, कुजलेलं शेणखत, सगळं मिळून जमिनीपासून टोंगळ्याच्या निम्म्यापर्यंत उंच. त्यावर लावलं.

पण काढताना जे दिसलं ते सांगतो. मुळांभोवती लाल चिकट मातीचा गोळा, नर्सरीतून आला तसाच, विटेसारखा. दोन वर्षांत मुळं त्याच्या बाहेर जेमतेम चार-सहा ठिकाणी आली होती. बाकी सगळी आतल्या आत गोल फिरलेली, चुंबळीसारखी. वाढ कमी असण्याचं हेही कारण का?

---

मातीमोल | १४ जुलै, रात्री ९.०५

हो, हेही. राजमहेंद्रीजवळच्या कडियमकडून वगैरे येणारी बरीच रोपं अशा चिकट गोळ्यात येतात, कारण गाडीत हलून मुळं उघडी पडू नयेत. ती वाहतुकीची सोय आहे. पण तसाच गोळा आपल्या काळ्या मातीत पुरला की दोन मातींची सांधेजोड होत नाही. काळी माती फुगते, आकसते. उन्हाळ्यात गोळ्याभोवती फट पडते, पाणी फटीतून खाली, गोळा आत कोरडा. पावसाळ्यात उलट.

लावताना गोळ्याचा बाहेरचा बोटभर थर पाण्यात बुडवून हलक्या हाताने धुवायचा, गोल फिरलेली मुळं चार जागी छाटायची. कोनिफरचा गोळा पूर्ण फोडायचा मात्र नाही. तुम्ही काय केलंत?

---

पूर्णाकाठ | १४ जुलै, रात्री ९.२६

बादलीत बुडवून बाहेरचा थर धुतला, खुरप्याने फिरलेली मुळं कापली. भीत भीत. अंदाजाने केलं पण बरोबर निघालं म्हणायचं.

उजवीकडचीच्या पोटातही तोच गोळा असणार. पण ती मजेत आहे, तिला नाही छेडत.

---

पांदणवाला | १४ जुलै, रात्री ९.४०

नोका छेडू. चालते तिले चालू द्या.

---

लिंबोणी | २ नोव्हेंबर, सकाळी ११.१५

@पूर्णाकाठ दादा, दिवाळीला वर्ध्याला आले होते, तुमच्या झाडाची आठवण आली. आहे का?

---

पूर्णाकाठ | २ नोव्हेंबर, दुपारी ४.०५

आहे ताई. घराकडची जळलेली बाजू तशीच उघडी आहे, तिथं काही येईल असं वाटत नाही. पण गेटकडून आणि शेंड्याला फूट आली आहे, बारीक, पिवळीजर्द. लांबून पाहिलं तर झाड एका बाजूने भादरल्यासारखं दिसतं. मी ती बाजू भिंतीकडे वळवून लावायला हवी होती, जुलैत सुचलंच नाही. आता परत हलवत नाही.

---

रोपमळा | २ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.३०

हलवू नका. उघड्या बाजूच्या कडेच्या फांद्या वाढून थोडं झाकतील, पण त्याला वर्षं लागतील. तोवर त्या बाजूला कमी उंचीचं काही लावा. सदाफुली लावा, खाऱ्या पाण्यालाही बऱ्यापैकी टिकते.

---

पूर्णाकाठ | ९ एप्रिल, रात्री ९.१५

कूलर काल लावला. त्यावरून धागा आठवला.

यंदा टाकीच्या तळाला नळी जोडून दिली, ती थेट रस्त्याकडच्या नालीत. जाळ्या नव्या. टाकी दर दोन दिवसांनी पूर्ण उपसायची असं ठरलंय. आईला नळी पटलेली नाही. आज सकाळी उठलो तर नळीचं तोंड बादलीत, आणि आई त्या पाण्याने गोठ्याची फरशी धूत होती. म्हटलं चालेल.

झाड मापलं. जुलैत लावलं तेव्हापासून शेंडा दोन बोटं वर गेला. सोनं चढलंय.

---

खडूस_म्हातारा | ९ एप्रिल, रात्री ९.५२

दोन बोटं म्हणजे कोणाची? माझी जाड आहेत.

---

पूर्णाकाठ | ९ एप्रिल, रात्री १०.०८

आईची. तिनेच मापलं.